‘वॉरची जीप’ म्हणून महिंद्र गळ्यात मारतात, ती अशी

जाहिरात एवढीच होती: ‘१९४३ फोर्ड जीपीडब्ल्यू, आर्मी लिलावातली, पेपर क्लिअर.’ फोटोत नऊ फटींची जाळी, बॉनेटवर पांढरा तारा आणि डावीकडे स्टिअरिंग. पुण्यातल्या एका खरेदीदाराने चांगल्या सीजे-३बीच्या (महिंद्रच्या युद्धानंतरच्या जीपच्या) तिप्पट पैसे मोजून ती घेतली. रंगकामासाठी टब, म्हणजे पत्र्याची बॉडी, चॅसीवरून उचलला, तेव्हा खाली महिंद्र निघाली. टबखाली काय काय सापडलं आणि ते घेण्याआधीच कसं दिसलं असतं, हे इथे लिहितो आहोत. विकणाऱ्याचं नाव मुद्दाम टाळलं आहे, कारण ही तऱ्हा एकट्या त्याची नाही.

विलीज या अमेरिकन कंपनीने एमबी ही जीप आणि फोर्डने त्याच आराखड्यावरची जीपीडब्ल्यू १९४१ ते १९४५ या काळात बनवली. विलीजच्या साडेतीन लाखांहून जास्त, फोर्डच्या पावणेतीन लाखांहून जास्त. बर्मा आघाडीमुळे त्यातल्या पुष्कळ भारतात आल्या आणि युद्ध संपल्यावर इथेच राहिल्या. पुढे मुंबईत माझगावला महिंद्रने विलीजची जुळणी सुरू केली. १९५३ सालचं सीजे-३बी हे मॉडेल तर आपल्याकडे कित्येक दशकं बनत राहिलं, आणि तेही लष्कराने घेतलं. म्हणजे एखादी जीप खरोखर लष्करातून निघालेली असू शकते, लिलावाचा कागदही अस्सल असू शकतो, तरी ती युद्धातली नसते. ‘आर्मीची आहे’ हे वाक्य खरं, ‘१९४३ची आहे’ हे खोटं, आणि पहिल्याच्या भरवशावर दुसरं खपून जातं. (जोंगा ही लष्कराची दुसरी गाडीही काही जण ‘वॉरची’ म्हणून दाखवतात. ती निसानच्या आराखड्यावर जबलपूरला १९६९पासून बनली. तिथे फसणाऱ्याला मदत करणं कठीण आहे.)

जुनी जीप बघताना एकच नियम धरा: जे पान्याने सुटतं तो पुरावा नाही. या गाडीवर खरेदीदाराला दाखवलेली प्रत्येक खूण पान्याने सुटणारी होती.

जाळी बघा. युद्धातल्या दाबीव पत्र्याच्या जाळीला नऊ फटी असतात, नंतरच्या सीजेंना, म्हणजे युद्धानंतरच्या नागरी जीपना, सात. नऊ फटींची जाळी नवी मिळते आणि बोल्टवर बसते. मात्र अस्सल जीपचे हेडलाइट जाळीच्या मागे, आत बसलेले असतात आणि बिजागरीवर असतात. फुलपाखरी नट सैल केला की दिवा उलटा फिरवून इंजिनावर उजेड पाडता येतो. इथे दिवे आत होते, पण बिजागरी नव्हती. पत्र्याच्या कड्या वेल्ड करून नुसते बसवलेले होते.

ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावरच्या तीन पाट्यांवर तर विश्वास ठेवूच नका. कोऱ्या पाट्या विकत मिळतात, आकडे पंचने कुणीही ठोकतो. या पाटीवर डिलिव्हरीची तारीख १४-६-४३ होती. अमेरिकेत बनलेल्या गाडीवर आधी महिना येतो, मग दिवस. चौदावा महिना कुठला आला? पाटी ठोकणारा आपल्या सवयीने लिहून गेला.

फोर्डच्या बोल्टांच्या डोक्यावर इंग्रजी ‘एफ’ असतो हे आता सगळ्यांना माहीत आहे, म्हणून विकणाऱ्यालाही. बंपर, काच-चौकट, बॉनेटच्या बिजागऱ्या, म्हणजे डोळ्यांसमोरच्या जागी एफचे बोल्ट होते. टब चॅसीला धरणारे बोल्ट मात्र मेट्रिक निघाले. हे तपासायला सोबत दोनच पाने न्या, अर्ध्या इंचाचा आणि नऊ-सोळांश इंचाचा. १३ मिमीच्या डोक्यावर अर्ध्या इंचाचा पाना चढतच नाही, कारण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. १७ मिमीच्या डोक्यावर नऊ-सोळांशचा चढत नाही. एखाददुसरा मेट्रिक बोल्ट दुरुस्तीत आलेला असू शकतो. टबाच्या तळाचे सगळेच मेट्रिक असतील, तर टब नवा आहे. पंजाब-हरियाणात असे टब उघडपणे बनवून मिळतात, त्या धंद्यात गैर काही नाही. नवा टब जुना म्हणून विकला, तर गैर.

आता न सुटणाऱ्या गोष्टी. इथेच वेळ घालवायचा.

फायरवॉलची, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याची, उजवी बाजू आधी बघा. एमबी आणि जीपीडब्ल्यू सगळ्या डाव्या स्टिअरिंगच्या. महिंद्र उजव्या स्टिअरिंगची असेल तर पेडल आणि स्टिअरिंगच्या खांबाची भोकं उजवीकडे असतात, आणि ती बुजवावी लागतात. बॉनेट उघडून इंजिनाच्या बाजूने टॉर्च मारला की बुजवलेल्या गोल ठिगळांची कडा दिसते. बोटाने जाणवत नसेल तर लोहचुंबक फिरवा. पुट्टीवर तो पकड सोडतो. चॅसीच्या उजव्या दांड्यावरही स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांची रिकामी भोकं राहतात. या जीपवर ती राहिली होती. टब न उचलता, नुसतं खाली झोपून दिसली असती.

ड्रायव्हरची गादी उचला. युद्धातल्या जीपची टाकी सीटखाली असते आणि तेल भरायचं झाकणही तिथेच, त्यासाठी जमिनीत खोलगट खड्डा असतो. सीजेंना टाकीचं तोंड टबाच्या बाहेरच्या अंगाला आलं. मागे बघा: एमबीला मागचं फळकं उघडत नाही, स्टेपनी तिथेच बसते, आणि दोन्ही मागच्या कोपऱ्यांत झाकणाचे हत्यारांचे कप्पे असतात. नवा टब करणारे बहुधा कप्पे टाळतात, कारण त्यात काम जास्त आणि पैसे तेवढेच.

मागच्या चाकाचा हब एका मिनिटात बोलतो. युद्धातल्या जीपचा मागचा ॲक्सल फुल-फ्लोटिंग आहे: हबच्या मध्यावर चकती असते आणि ती सहा बोल्टांनी धरलेली असते, पुढच्या हबसारखी. सीजे-३बीच्या ॲक्सलला मध्यभागी एकच मोठा नट आणि त्यात कॉटर पिन. या जीपवर हबकॅपसारखी वाटी ठोकून तो नट झाकला होता. वाटी दिसली की ती काढायला सांगा. ‘काढली तर रंग उडेल’ असं उत्तर मिळालं, तर तिथूनच परत फिरा.

त्यानेही शंका उरली तर दात मोजा, डिफ्रन्शियल न उघडता. गाडी सपाटीवर, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके, गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर केसही न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. प्रॉपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूने खूण करा. चाक हाताने वीस फेरे फिरवा आणि कुणाला तरी शाफ्टचे फेरे मोजायला बसवा. एक चाक स्थिर असल्यामुळे डिफ्रन्शियल अर्ध्याच वेगाने फिरतं, म्हणून चाकाचे वीस फेरे म्हणजे क्राउनचे (डिफ्रन्शियलमधल्या मोठ्या दातेरी चाकाचे) दहा. युद्धातल्या जीपला शाफ्टकडच्या छोट्या चाकाला ८ आणि क्राउनला ३९ दात असतात, तेव्हा शाफ्टचे पावणेएकोणपन्नास फेरे होतात. सीजेला ८ आणि ४३, म्हणजे पावणेचोपन्न. पाच फेऱ्यांचा फरक चुकून होत नाही. इथे पावणेचोपन्न आले. ॲक्सल बदललेली अस्सल जीप असू शकते, हे मान्य. पण मग विकणाऱ्याने तसं सांगायला हवं आणि किंमतही तशी हवी.

इंजिन. एमबी आणि जीपीडब्ल्यूचं इंजिन साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, ब्लॉकमध्ये बाजूला), २१९९ सीसी. हेड चपटं आणि स्पार्क प्लग वरून सरळ उभे. सीजे-३बीच्या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, त्यामुळे वर उंच रॉकर कव्हर आणि कार्ब्युरेटर हेडवरच. तिचं बॉनेट उंच आहे ते याचसाठी. या गाडीत साइड-व्हॉल्व्ह इंजिन होतं, पण तेही नंतर आणून बसवलेलं. नंबराची जागा ब्लॉकच्या उजव्या अंगाला, पुढे, ऑइल फिल्टरजवळच्या सपाट उंचवट्यावर असते. तो उंचवटा ग्राइंडरने घासून वर नवा नंबर मारला होता. घासलेली जागा थिनरने पुसून टॉर्च आडवा धरला की गोल चरे दिसतात आणि कडा मधल्या भागापेक्षा उंच राहिलेली दिसते.

चॅसीचा नंबर हे या सगळ्याचं मूळ. विलीजचा नंबर डाव्या दांड्याच्या आतल्या अंगाला, बंपरच्या मागे, रिव्हेट केलेल्या छोट्या पट्टीवर असतो; ही पट्टी बनावट करणं सोपं. फोर्डचा नंबर डाव्या दांड्याच्या वरच्या पृष्ठभागावर, इंजिनाच्या पुढच्या भागाजवळ थेट ठोकलेला असतो. त्यामुळे फोर्डची नक्कल करायची तर पत्रा कापावा लागतो. इथे तेच केलं होतं. कुठल्या तरी मेलेल्या जीपीडब्ल्यूच्या दांड्यातून साधारण वीतभर तुकडा कापून महिंद्रच्या दांड्यात बसवला, सांधा घासून वर पुट्टी आणि जाड काळा रंग. नंबर अस्सल, आरसी बुक अस्सल, गाडी भलतीच. वरून हे दिसत नाही. दांड्याच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं की वेल्डचा उभा कणा हाताला लागतो, कारण आतून कुणी घासत बसत नाही. दुसरी तपासणी पुढच्या आडव्या दांडीची: एमबीला ती गोल नळीची, जीपीडब्ल्यूला उलट्या यू आकाराची. नंबर फोर्डचा म्हणत होता, आणि पुढे यू नव्हता.

आरटीओत चॅसी नंबरची पेन्सिलने छाप घेतात, ती छाप खरेदीआधी स्वतः घ्या. रंग तारेच्या ब्रशने हातानेच काढा. नंबर एमबी, जीपीडब्ल्यूने सुरू होत नसून एमसी असेल तर ती एम-३८, एमडी असेल तर एम-३८ए१. दोन्ही युद्धानंतरच्या आणि २४ व्होल्टच्या. एमबी ६ व्होल्टची.

कागदांचं. लष्कराच्या ताब्यात असताना गाडीची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ६०खाली लष्करच करतं, आणि बाहेर आल्यावर नव्या मालकाला आरटीओत कलम ४०खाली नोंदणी करावी लागते. म्हणून आरसीवरची नोंदणीची तारीख आणि उत्पादनाचं वर्ष यांत मोठं अंतर असणं स्वाभाविक आहे. त्याच अंतरात ‘१९४३’ घुसवलं जातं. लिलावाच्या विक्री-कागदावर मेक, इंजिन नंबर आणि चॅसी नंबर असतात. तो मूळ कागद मागा, झेरॉक्स नको, आणि तिन्ही नोंदी गाडीवरच्या छापेशी ताडा. बंपरवरचा बाणाचा लष्करी नंबर रंगाने लिहिलेला असतो, तो कागदाची जागा घेऊ शकत नाही. २०२१च्या व्हिंटेज नोंदणी नियमांमुळे पन्नास वर्षांपुढच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, त्याची लालूच आता विक्रेते आवर्जून दाखवतात. तो नियम मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीसाठी आहे, जोडलेल्या चॅसीसाठी नाही.

टोकन देण्याआधी स्टॅम्प पेपरवर एक ओळ लिहून घ्या: चॅसीचा नंबर मूळ ठशाचा आहे, दांड्यात जोड नाही, तसं निघाल्यास पूर्ण रक्कम परत. या ओळीला जो नाही म्हणतो त्याच्याशी पुढे बोलायची गरज उरत नाही.

आणि व्यवहार होऊन गेला असेल तर गाडी आणखी उघडू नका, रंगवू तर मुळीच नका. वेल्डचे, घासलेल्या उंचवट्याचे, रिकाम्या भोकांचे फोटो पट्टी ठेवून काढा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बँकेची नोंद आणि निरोप एकत्र ठेवून पोलिसांत लेखी तक्रार द्या. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. तीच हकीकत आरटीओला स्वतःहून लेखी कळवा, कारण बदललेला नंबर सध्या तुमच्या नावावर आहे. या खरेदीदाराने तपासणी व्हायच्या आतच मेकॅनिककडून तो वीतभर तुकडा कापून घेतला, ‘पुरावा’ म्हणून कपाटात ठेवला, आणि दांडा नव्या पत्र्याने जोडला. आता जोड कुणी केला हे सांगायला गाडीवर काहीच उरलेलं नाही.