पिंजरा घ्या, सोबतचं किट मात्र नको

नाशिकमधल्या एका फार्मसी कॉलेजच्या ॲनिमल हाउसमध्ये, म्हणजे प्रयोगांसाठीचे प्राणी ठेवतात तिथे, मी लॅब असिस्टंट आहे. पांढऱ्या विस्टार जातीच्या उंदरांचं खाणं, पाणी, अंथरूण, वजनाच्या नोंदी हे माझं रोजचं काम. घरी लेकीच्या हट्टापायी आणि माझ्याही हौशीने दोन माद्या पाळल्यात, राई आणि मिरी. त्यांच्यासाठी ऑनलाइन मागवलेल्या दोन मजली पिंजऱ्याबद्दल हे लिहिते आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण हाच साचा वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. पांढऱ्या तारा, खाली निळा प्लास्टिकचा ट्रे, मध्ये जाळीचा माळा, एक शिडी आणि सोबत ‘स्टार्टर किट’. किंमत साडेचार हजारांच्या आसपास.

आधी पिंजऱ्याबद्दल, कारण तो खरंच चांगला आहे. दोन उंदरांना धावायला, चढायला, एकमेकींपासून लांब बसायलाही जागा पुरते. तारांमधलं अंतर मी स्टीलची पट्टी लावून मोजलं, 12 मिमी. घेताना हा आकडा नक्की विचारा. उंदराचं डोकं ज्या फटीतून जातं, त्यातून अख्खा उंदीर जातो, आणि माद्या व पिल्लं अंगाने बारीक असतात. इंचभर फटीचे पिंजरे मोठ्या नरांना चालतात, पिल्लांना अजिबात नाही. ट्रे चांगला खोल आहे, त्यामुळे अंथरूण घरभर उडत नाही. पुढचं दार मोठं आहे, दोन्ही हात आत घालून उंदीर नीट उचलता येतो. शेपटीला धरून कधीच उचलू नका, कातडी सोलून निघते. दाराचा खटका सैल आहे, मिरी तो नाकाने वर ढकलते, म्हणून मी बाहेरून एक छोटा हूक लावलाय.

जाळीचा माळा ही एकच खरी खोट. उंदराच्या तळव्यावर केस नसतात. सतत तारेवर बसून तिथे घट्टे पडतात, मग सूज, मग जखम, आणि ती महिनोन्महिने भरत नाही. वजनदार उंदरांना हा त्रास जास्त. जुन्या सुती चादरीची दुहेरी घडी माळ्यावर पसरून चारी कोपरे बांधून टाकले की झालं. चादर दोन-तीन दिवसांनी धुवायची, आणि दोरे निघायला लागले की बदलायची, नाहीतर नखं अडकतात.

आता किट. त्यातलं चाक जेमतेम 18 सेंमी व्यासाचं, तेही दांड्यांचं. हॅमस्टरला कदाचित चालेल. उंदराला निदान 30 सेंमीचं, सपाट पृष्ठभागाचं चाक लागतं, नाहीतर पाठीला बाक येतो आणि दांड्यांत पाय किंवा शेपूट अडकते. आम्ही ते काढून ठेवलं.

लाकडी भुशाच्या पिशवीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. पिशवी उघडली की देवदाराचा घमघमाट येतो. माणसाला तो छान वाटतो, पण त्या वासातली द्रव्यंच उंदराच्या श्वासनलिकेला त्रास देतात. उंदीर फक्त नाकानेच श्वास घेतो, तोंडाने घेत नाही. त्यातच बहुतेक पाळीव उंदरांच्या अंगात मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू असतोच. तो गप्प असतो तोवर काही दिसत नाही. मुताचा अमोनिया साठला, धूळ झाली, उग्र वास आला की तो उसळतो आणि फुप्फुसं धरतात. आमच्या ॲनिमल हाउसमध्ये निर्जंतुक केलेला भाताचा तूस वापरतात. घरी तसा तूस मिळणं अवघड, म्हणून मी साध्या कागदाच्या पट्ट्या आणि सुती चिंध्या घालते. रोज फक्त ओला कोपरा उचलायचा, आठवड्याला सगळा ट्रे गरम पाण्याने आणि पांढऱ्या व्हिनेगरने धुवायचा. फिनाइल नको. त्याच खोलीत अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, डांबराच्या गोळ्याही नकोत. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी आपणहून पिंजरा देवघरापासून लांबच्या खोलीत हलवायला लावला.

फुप्फुसांची तपासणी घरच्या घरी होते. उंदीर दोन्ही हातांत धरून त्याची बरगडी आपल्या कानाला लावायची. निरोगी उंदराचा श्वास जवळपास ऐकूच येत नाही. खुटखुट, शिट्टी किंवा घरघर ऐकू आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि आधी फोन करून ते उंदीर तपासतात का ते विचारा. माणसांच्या गोळ्या चुरून देऊ नका, अँटिबायोटिकचा डोस वजनावर ठरतो. डोळ्यांभोवती किंवा नाकावर लाल खपली दिसली तर ते रक्त नसतं. डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारा तो रंगीत स्राव असतो, पॉरफिरिन. झोपून उठल्यावर थोडा दिसला तर ओल्या कापसाने पुसा. रोज दिसायला लागला तर उंदीर आजारी तरी आहे किंवा ताणात तरी.

किटमधल्या खाण्यात सूर्यफुलाच्या बिया, मका आणि रंगीत गोळ्या आहेत. राई आधी सूर्यफूल निवडून खाते आणि बाकीचं ट्रेमध्ये पुरते. असं निवडून खाल्लं की चरबी वाढते आणि बाकीचं पोषण राहून जातं. म्हणूनच ॲनिमल हाउसमध्ये एकसारख्या पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या कांड्या, देतात, निवडायला वावच नाही. घरीही पेलेट हेच मुख्य अन्न ठेवा, मोठ्या उंदराला दिवसाला 15 ते 20 ग्रॅम. त्यावर थोडं ताजं: शिजवलेले मूग, मटार, काकडी, नाचणीच्या भाकरीचा तुकडा, कधीतरी उकडलेलं अंडं. कच्चा राजमा, कच्चे वाल, हिरवा पडलेला किंवा कोंब फुटलेला बटाटा, फरसाण, चॉकलेट बंद. नर असेल तर संत्र्याची साल देऊ नका, तिच्या तेलातल्या लिमोनीन नावाच्या द्रव्याने नर उंदरांची मूत्रपिंडं बिघडतात. आणखी एक, उंदराला उलटी करता येत नाही. चुकीचं पोटात गेलं की ते बाहेर टाकायची सोयच नाही.

पाण्याची बाटली किटमधली एकमेव कामाची वस्तू. तरी रोज बोटाने नळीची गोळी दाबून थेंब येतो का ते बघा, ती अडकते. नाशिकचा एप्रिल-मे आता चाळिशी गाठतो, आणि उंदराला घाम येत नाही. शेपूट हाच त्याचा कूलर. ॲनिमल हाउसमध्ये तापमान 22 अंशांच्या जवळपास राखतात. घरी ते जमत नाही, म्हणून मी दुपारी ट्रेमध्ये कडप्प्याचा तुकडा ठेवते आणि बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका टोकाला. दोघी कडप्प्यावर पोट टेकून पसरतात. अंग ढिलं पडलं, लाळ गळायला लागली तर तो उष्माघात. शेपूट आणि पाय साध्या पाण्याने ओले करत दवाखान्यात निघायचं, बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही.

विक्रीच्या पानावर ‘एका उंदरासाठी आदर्श’ असं लिहिलंय, ते मला फार खटकलं. उंदीर कळपातला जीव आहे, माणूस त्याच्याजवळ रात्रभर बसू शकत नाही. दोन घ्या, पण एकाच लिंगाचे, आणि विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता स्वतः बघून. पाच-सहा आठवड्यांची पिल्लंही वयात येतात आणि 21 ते 23 दिवसांत मादी विते, एका वेळी आठ-दहा पिल्लं सहज. माद्यांना दुसऱ्या वर्षी स्तनाच्या गाठी खूप होतात, म्हणून मी दर रविवारी दोघींच्या काखा आणि पोट चाचपते. लवकर सापडलेली गाठ काढता येते.

पिंजरा कुठे ठेवायचा याबद्दल सूचनापत्रकात एक ओळही नाही. जमिनीवर किंवा गॅलरीत नको. बाहेरचे उंदीर आणि घुशी रात्री तारांपर्यंत येतात, त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस येतो, आणि तो माणसालाही होतो. खाणं घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. सोसायटीत पेस्ट कंट्रोल होणार असेल तर कुठलं औषध टाकणार ते आधी विचारा. ब्रोमाडायोलोनसारखी उंदीर मारायची विषं रक्त गोठू देत नाहीत, आणि लक्षणं काही दिवसांनी दिसतात. त्या विषारी वड्यांचा तुकडा तुमच्या उंदराने उचलल्याची नुसती शंका आली तरी थांबू नका, वेष्टनाचा फोटो घेऊन डॉक्टरकडे जा. त्यावर व्हिटॅमिन के चालतं, वेळेत दिलं तर.