अडीच लाखांचं ‘असावं’

आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण साडेसहा बँड आले, पण रायटिंगला साडेपाच. विद्यापीठाला सहा हवे होते. त्यामुळे एम.एस्सी.च्या आधी सहा आठवड्यांचा प्री-सेशनल, म्हणजे अभ्यासासाठी लागणाऱ्या इंग्रजीचा कोर्स गळ्यात पडला. विद्यापीठ उत्तर इंग्लंडातलं, नाव घेत नाही. राहणं-खाणं सोडून फी २,४०० पौंड, म्हणजे अडीच लाखांच्या घरात. वडील फोनवर म्हणाले, “एवढ्यात गोठ्याचं पत्रं बदलून झालं असतं की.” मी मराठी शाळेतला, पुढं बी.एस्सी. ॲग्री. माझ्यासारख्याचे पैसे वसूल होतात का, तेवढं सांगतो.

पहिल्याच आठवड्यात निबंध. मी ठिबक सिंचन घेतलं. ‘पाणी म्हणजे जीवन’ने सुरुवात, मग प्राचीन संस्कृती, मग वाढती लोकसंख्या. मॅडमनी अख्ख्या पहिल्या परिच्छेदावर रेघ मारली आणि विचारलं, “तुझं म्हणणं कुठंय?” ते तिसऱ्या पानावर होतं. दहावीत याच प्रस्तावनेला मला मार्क पडले होते.

पुढचा घाव ‘प्रूव्ह्ज’वर. ठिबकने उसाचं उत्पादन वाढतं हे ‘सिद्ध होतं’, असं मी ठोकून दिलं होतं. कुठल्या जमिनीत? किती हंगाम? ‘प्रूव्ह्ज’ खोडून त्यांनी ‘सजेस्ट्स’ केलं. दोन दिवस मला हा पळपुटेपणा वाटला. मग आजोबा आठवले. ऊस पिवळा पडला की ते कधीच “हुमणी (मुळं खाणारी अळी) आहे” म्हणत नाहीत. “हुमणी असावी” म्हणतात, आणि मग बूड उकरून बघतात. ‘मे’, ‘टेंड टू’, ‘अपिअर्स टू’ म्हणजे हेच ‘असावी’. घरात फुकट होतं, मी ते अडीच लाखांत घेतलं.

दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडणं हे सगळ्यात जड गेलं. गाईडमधून पाठ करून वाढलेलो आम्ही. मी वाक्य तेच ठेवून शब्द तेवढे बदलले. नक्कल शोधणाऱ्या टर्निटिन या सॉफ्टवेअरने ३४ टक्के साम्य दाखवलं आणि पोटात गोळा आला. मॅडमनी उघडून दाखवलं, त्यातला बराच भाग संदर्भयादीचा होता. पण दोन परिच्छेद खरंच उसने होते. त्यांची युक्ती अशी: वाचायचं, पान मिटायचं, मगच लिहायचं. मी मधे एक पायरी घातली. मिटलेल्या पानातलं स्वतःला मराठीत सांगायचं. त्यानंतर असा घोळ झाला नाही.

आता तक्रारी. पहिल्या निबंधावरचा सविस्तर अभिप्राय नवव्या दिवशी आला, तोवर दुसरा देऊन झाला होता. लेक्चर ऐकण्याचा सराव अगदी सपक. मॅडम संथ, स्वच्छ बोलायच्या, आणि सप्टेंबरात खरे प्राध्यापक आले ते भरधाव. सेमिनारचं तर विचारूच नका. सोळांच्या वर्गात बारा जण चीनचे. मला बोलणाऱ्याला मधेच तोडायची खोड, शेजारच्या मुलीला तोंड उघडायची धास्ती, आणि दोघांच्या हातात चर्चेत बोलायच्या वाक्यांचा एकच छापील कागद.

घरबसल्या जमेल तेवढं आधी उरका. मँचेस्टर विद्यापीठाची ‘अकॅडेमिक फ्रेझबँक’ वेबसाइटवर फुकट वाचता येते. जॉन मॉर्ली यांनी जमवलेली ही निबंधात वापरायची तयार वाक्यं कामानुसार लावलेली आहेत. त्यातला सावधपणे विधान करण्याचा भाग आधी वाचा. ॲव्हरिल कॉक्सहेड यांची अभ्यासाच्या इंग्रजीतल्या शब्दांची २००० सालची यादीही बघा, ५७० शब्दकुळांची. पहिल्या ६० पासून सुरू केलं तरी पुष्कळ.

अर्ध्या बँडाने प्रवेश अडला असेल तर कोर्स घ्या, मी पाचपैकी साडेतीन देईन. स्कोअर पुरेसा असेल तर पैसे घालू नका. आमच्याकडे सेमिस्टर सुरू झाल्यावर इन-सेशनलचे, म्हणजे शिकता शिकता घ्यायचे इंग्रजीचे तास फुकटच होते, बुधवारी दुपारी. पहिल्या बुधवारी खुर्च्या कमी पडल्या. नाताळच्या सुट्टीआधी आम्ही सात जण उरलो होतो, आणि मॅडम प्रत्येकाचा निबंध शेजारी बसून वाचत होत्या.