जुन्या वाड्याच्या खिडक्या: सागवानी दुरुस्त कराव्यात की यूपीव्हीसी बसवाव्यात?

पुण्यातल्या पेठेतला वाडा नीट करताना एका मित्रापुढे हाच पेच आहे. (यूपीव्हीसी म्हणजे खिडक्यांच्या चौकटींसाठीचं कडक प्लास्टिक.)

ऊन: आपल्याकडे उकाडा मुख्यतः काचेतून थेट येणाऱ्या उन्हाचा. यूपीव्हीसी खिडक्यांत मिळणारी दुहेरी काच (मध्ये पोकळी ठेवून सील केलेल्या दोन काचा) थंड देशांत जास्त कामाची. इथे बाहेरची लाकडी झडप ऊन काचेपर्यंत पोचूच देत नाही.

वारा: नव्या घरांसाठीची २०१८ची इको निवास संहिता, म्हणजे ऊर्जाबचतीची सरकारी नियमावली, खिडकीचा उघडणारा भाग मोजते. सरकती यूपीव्हीसी जेमतेम अर्धी उघडते, झडपांची पूर्ण. हा मुद्दा माझ्या मते निर्णायक आहे.

टिकाऊपणा: सागवानाची बहुधा खालची पट्टीच कुजते. तेवढी कापून नवा तुकडा सांधता येतो, बिजागऱ्या त्याच राहतात. दुहेरी काचेचं सील गेलं की आत बाष्प धरतं आणि अख्खी काच बदलावी लागते.

खर्च: चांगला सुतार स्वस्त नाही, वेळही खातो.

वाडा वारसा यादीत असेल, तर दर्शनी बदलाला परवानगी लागते.

रस्त्याचा गोंगाट असह्य असेल किंवा खोलीत दिवसभर एसी चालणार असेल, तर जुनी खिडकी ठेवून आतून दुसरी काच लावा. चौकटच पोखरली असेल आणि बाजू मागची असेल, तर यूपीव्हीसी चालेल, पण बाहेर उघडणारी घ्या. बाकी सगळीकडे सुतारच बोलवा.