'एकच सेशन चाललेले' स्लिक घेतले आणि 32,350 रुपयांना टोपी बसली

आधी आकडे सांगतो. बाइकच्या स्लिक, म्हणजे खाचा नसलेल्या रेस टायरच्या जोडीचे 23,000. कुरिअरचे 1,850. 'पॅकिंग डिपॉझिट, माल मिळाला की परत' असे 2,500. आणि दुसरा सेट अडवून ठेवायला टोकन 5,000. टोटल 32,350. हो, दुसरा सेटपण, पहिला हातात यायच्या आधीच. हसून घ्या.

अशी टोपी कशी घालतात ते तुम्हाला माहितीये, मी काय वेगळं सांगणार. बायकर ग्रुपमधला गोडबोल्या माणूस, 'सकाळपासून तिघांनी विचारलंय', 'तुम्ही आपले म्हणून या रेटला'. हे सगळं मलाही माहिती होतं, उलट मी स्वतः एका मित्राला हेल्मेटच्या अशाच डीलमधून ओढून बाहेर काढलंय, तेव्हा 'एवढं कसं कळलं नाही' हे कृपया कोणी विचारू नका, घरचे रोज विचारतात.

आणि टेकऑफ, म्हणजे रेस टीमने थोडे वापरून उतरवलेले टायर, ही काय भानगड नाहीये, खरी असते. रेस टीम क्वालिफाइंगला नवीन टायर चढवतात, चार-सहा लॅप मारतात आणि उतरवतात, कारण त्यांना हवी ती पहिली ग्रिप तेवढीच टिकते. आपल्यासारख्याला ट्रॅक डेला, म्हणजे हौशी लोक रेस ट्रॅकवर बाइक चालवतात त्या दिवशी, त्यात भरपूर जीव उरलेला असतो. त्यामुळे नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात याचा मला संशय आला नाही, आणि येण्याचं कारणही नव्हतं. माझी सेकंडहँड लिटर (1000 सीसी) बाइक, मागचं रिम 6 इंच रुंद, ट्रॅक डेला दोन आठवडे. विकणारा म्हणाला पुढे 120/70, मागे 200/60, दोन्ही 17 इंची, पुढे एससी 1, मागे एससी 0. एससी 0 ऐकलं की आमच्यासारख्यांची अक्कल गहाण पडते. पिरेली कंपनीचं सॉफ्ट कम्पाउंड, म्हणजे मऊ रबर, ते घालून मी बी ग्रुपमध्ये, म्हणजे मधल्या स्पीडवाल्यांत, फिरणार होतो. बी ग्रुपमध्ये! असो.

आता मुद्द्याचं. त्याने पाच फोटो पाठवले. रात्री पावणेएकला मी तिसरा फोटो झूम करून बघत होतो. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूला, साइज जिथे असते तिथे अर्ध्या भागावर त्याचं बोट होतं आणि बोटाच्या पुढे स्वच्छ दिसत होतं: आर 420. मी विचारलंसुद्धा! चॅट आहे माझ्याकडे. 'भाऊ हे 420 काय?' त्याचं उत्तर: 'कम्पाउंडचा बॅच नंबर आहे दादा, 420 फॅरेनहाइटला बेक केलेला माल.' आणि मी अंगठा पाठवला. चारशे वीस, अहो चारशे वीस! आपल्याकडे शाळेतल्या पोराला याचा अर्थ कळतो, माणूस स्वतःच्या मालावर ते लिहून समोर धरतोय, मी त्यावर बोट ठेवून प्रश्न विचारतोय आणि वर अंगठा दाखवून झोपायला जातोय. त्या रात्री नुसतं 'आर 420 टायर' सर्च केलं असतं तरी संपलं असतं. दोन मिनिटांचं काम. रोज रात्री पावणेएकला आठवतं.

420 म्हणजे मिलिमीटर. म्हणजे साडेसोळा इंच. पूर्वी मोठ्या रेसिंगमध्ये साडेसोळा इंची स्लिक असायचे, वर्ल्ड सुपरबाइक 2013 ला 17 इंचावर आली, मोटोजीपी 2016 ला. आपल्या रस्त्यावरच्या स्पोर्टबाइकचं रिम 17 इंची. म्हणजे ज्या मालाला आज कोणी विचारत नाही तो जुना साडेसोळाचा माल माझ्या गळ्यात मारला. माझीही बाजू ऐका, स्लिकच्या साइज मुळातच विचित्र असतात, 125/70 काय, 200/65 काय, काही कंपन्या तर रुंदी सेंटिमीटरमध्ये छापतात, रोड टायरची सवय असलेल्याला सगळंच परकं वाटतं. त्यात एक 420 खपून गेलं.

टायर आले ते आरशासारखे काळेभोर. इथेही कळायला हवं होतं. एक सेशन चाललेला स्लिक चकचकीत नसतो, मॅट असतो, खरखरीत, कडेला रबराच्या बारीक गोळ्या चिकटलेल्या. याला पॉलिश मारलं होतं, हाताला तेलकट लागत होतं. टायरवाल्याने मशीनवर घ्यायच्या आधीच रिमशेजारी धरून सांगितलं, साहेब हा जन्मात बसणार नाही, अर्ध्या इंचाचा फरक आहे. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिमी, बीड, म्हणजे रिमवर बसणारी टायरची कडा, तेवढी ताणत नाही. मग त्याने चार आकडी कोड दाखवला, 1411. सन 2011 चा चौदावा आठवडा! नख दाबलं तर पाटीवर दाबल्यासारखं.

एक सांगू? बसले नाहीत तेच बरं झालं. 17 इंचीच असते आणि असेच म्हातारे असते तर मी ते सॉफ्ट समजून पहिल्या कॉर्नरला टाकले असते. ग्रिप सगळी त्या रबराची असते, ते वाळलं की उरतो नुसता गुळगुळीत डबा.

त्याला फोन केला तर 'बघतो', मग 'टीमशी बोलतो', मग ब्लॉक. ग्रुपवर लिहिलं तर अॅडमिनने मलाच काढलं, 'पर्सनल वाद इथे नको'. पर्सनल!

पोलिस स्टेशनला गेलो. समोरचे साहेब म्हणाले, स्लिक म्हणजे गुळगुळीत टायर ना, गुळगुळीत झाले की लोक बदलतात, तुम्ही विकत घेतले? मागचे दोघं हसले. मी समजावायला लागलो की त्याला खाचा नसतात, कोरड्या ट्रॅकवर जास्तीत जास्त रबर टेकावं म्हणून, तर म्हणे रस्त्यावर चालवता का हे? अहो, रस्त्यावर चालवायचेच नसतात! मग म्हणे माल मिळालाय ना, मग फसवणूक कशी, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले माल पोचलाय, हा ग्राहक तक्रारीचा विषय. तिकडे गेलो तर विक्रेत्याचा पूर्ण पत्ता आणि बिल आणा. बिल असतं तर मी इथे आलो असतो का? बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकलाय, व्यवहार तुमच्या मर्जीने झालाय. कुरिअरवाल्याने वजन बरोबर असल्याचा कागद दिला. दोन नग, वजन बरोबर! चार खिडक्या, नऊ फेऱ्या, अर्ध्या दिवसाच्या तीन रजा, आणि शेवटी एका हवालदाराने कानात सांगितलं की साहेब आता 420 कलमपण राहिलं नाही, नवीन संहितेत 318 झालंय. म्हणजे आता चारशे वीस उरलं ते फक्त माझ्या टायरवर. सात आठवड्यांनी मेसेज आला, तक्रार निकाली काढण्यात आली आहे. काय निकाल, कोणाला माहीत.

कोणी घेणार असाल तर फोटोवर जाऊ नका, व्हिडिओ मागा, साइडवॉल पूर्ण गोल फिरवून, टायरवर तुमचं नाव आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. मी मागितला होता, तो म्हणाला गोडाऊन बंद आहे, आणि मी ऐकून घेतलं. साइजचा शेवटचा आकडा 17 च पाहिजे. तारखेचा कोड दिसला नाही तर पुढे बोलूच नका. किती हीट सायकल झाल्या विचारा, वॉर्मर (टायर तापवायची ब्लँकेट) लावून दरवेळी तापवला-निववला की रबर थोडं थोडं मरतं, 'एकच सेशन' या शब्दाला काही अर्थ नाही. कडा निळसर दिसल्या तर प्रश्न विचारा, उत्तरात 'बॅच' शब्द आला की फोन ठेवा. डिपॉझिट परत येत नसतं.

आणि वॉर्मर नसतील तर स्लिक घेताच कशाला? मला इन्स्ट्रक्टरने आधीच सांगितलं होतं की तुझ्या स्पीडला चांगला स्पोर्ट टायर पुरे, थंड स्लिकवर तू पहिल्याच लॅपला झोपशील. तेव्हा मला राग आला होता. ट्रॅक डे मी रोड टायरवरच केला, प्रेशर उतरवून, कोणी मला हसलं नाही.

परवा एका मित्राने दुसऱ्या ग्रुपमधला स्क्रीनशॉट पाठवला. नाव वेगळं, नंबर वेगळा, 'रेस टीम टेकऑफ, एकच सेशन', किंमत 24,500. पाचही फोटो तेच, म्हणजे माझ्या घराच्या बाल्कनीत पडलेल्या टायरचे. तिसरा फोटो नीट बघा, यावेळी 420 दिसतच नाही, त्यावर लाल स्टिकर आहे.