वाँग ताई सिनच्या गाळ्यांमधली लग्नाची जुळणी: काय मागावं, काय तपासावं

हाँगकाँगमध्ये काउलूनच्या वाँग ताई सिन मंदिराला लागून ज्योतिषांचे दीडशेहून जास्त गाळे आहेत. मेट्रोचं स्थानक त्याच नावाचं, बाहेर पडलं की मंदिर जवळच. बहुतेक लोक येतात ते बांबूच्या काड्यांसाठी. 100 काड्यांचं नळकांडं हलवायचं, जी काडी बाहेर पडेल तिचा आकडा घ्यायचा आणि गाळ्यावर जाऊन अर्थ विचारायचा. त्या काडीतून एका प्रश्नाचं उत्तर मिळतं, दोन पत्रिकांची जुळणी होत नाही. त्यासाठी ‘हॅप-फन’ मागावं लागतं, म्हणजे दोघांच्या आठ अक्षरांची तुलना. हा आढावा तेवढ्याच सेवेचा आहे.

आठ अक्षरं म्हणजे बाझी. वर्ष, महिना, दिवस आणि तास असे चार खांब असतात. प्रत्येक खांबात वर एक देठ (देठांचे एकूण 10 प्रकार) आणि खाली एक फांदी (एकूण 12 प्रकार, त्यांनाच आपण उंदीर, बैल, वाघ अशा प्राण्यांच्या नावांनी ओळखतो). देठ पाच तत्त्वांचे: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी; प्रत्येकाचे यांग आणि यिन असे दोन. आपल्या पंचमहाभूतांशी यांची सांगड घालू नका, इथे वायू आणि आकाश नाहीत. लाकडातून अग्नी, अग्नीतून माती, मातीतून धातू, धातूतून पाणी, पाण्यातून पुन्हा लाकूड हा पोषणाचा क्रम. लाकूड मातीला, माती पाण्याला, पाणी अग्नीला, अग्नी धातूला आणि धातू लाकडाला आवरतं, हा दुसरा.

चांगला गाळा कसा ओळखायचा? समोरच्या माणसाने दोघांची जन्मवेळ आणि जन्मगाव विचारलं आणि पंचांग उघडलं, तर बसा. नुसतं जन्मसाल विचारून ‘उंदीर आणि घोडा, पटणार नाही’ म्हणाला, तर उठा. नुसत्या वर्षाच्या प्राण्यावर लग्न ठरवणं म्हणजे आपल्याकडे फक्त नाडी पाहून बाकीचे 28 गुण न पाहण्यासारखं आहे.

एक जोडी घेऊन पाहू. मुलगा 6 एप्रिल 1984, मुलगी 30 जानेवारी 1990. वरवर पाहणारा म्हणेल, 1984 उंदीर, 1990 घोडा, समोरासमोरची फांदी, थेट टक्कर. पण 1990 चं चिनी नववर्ष 27 जानेवारीला लागलं असलं, तरी बाझीचं वर्ष ‘ली-चुन’ला (वसंताची सुरुवात), म्हणजे 4 फेब्रुवारीच्या आसपास बदलतं. म्हणून मुलीचं वर्ष घोड्याचं नाहीच, माती-सापाचं आहे. टक्कर पहिल्याच पायरीवर गळून पडते.

आता दिवसाचे खांब, कारण खरी जुळणी तिथेच आहे. दिवसाचा देठ म्हणजे माणूस स्वतः, दिवसाची फांदी म्हणजे जोडीदाराचं घर. मुलगा गंग-वू (यांग धातू, घोडा), मुलगी यी-वेई (यिन लाकूड, बकरी). यी आणि गंग ही देठांची ठरलेली जोडी आहे. शिवाय तिच्यासाठी यांग धातू हा नवऱ्याचा तारा (म्हणजे पत्रिकेत नवरा दाखवणारा देठ) आणि त्याच्यासाठी यिन लाकूड हा बायकोचा. घोडा-बकरी हीसुद्धा मेळाची जोडी. ती थंडीत, बैलाच्या महिन्यात जन्मलेली; त्या महिन्यातल्या लाकडाला ऊब लागते आणि त्याच्या घोड्यात अग्नी आहे. इतकं एकाला एक लागून येणं दुर्मिळ असतं.

उणी बाजूही आहे, आणि ती न सांगणारा ज्योतिषी अर्धंच काम करतो. मुलाच्या स्वतःच्याच पत्रिकेत वर्षाचा उंदीर दिवसाच्या घोड्याला भिडतो, म्हणजे जोडीदाराचं घर मुळात अस्थिर. तिची बकरी त्या घोड्याला धरून ठेवते, ते चांगलं. पण उंदीर आणि बकरी यांच्यात ‘हाय’, म्हणजे आतून कुरतडणारा दोष आहे. वर्षाचा खांब घराण्याचा, त्यामुळे सासरच्या बाजूने कुरबुर वाचली जाते. यी-गंग एकत्र आले की ‘लाकडाचा धातू झाला’ असं कुणी म्हणालं, तर महिन्याच्या खांबाचा धातूला आधार आहे का ते विचारा. तो नसेल तर ती फक्त ओढ, रूपांतर नव्हे.

भारतात जन्मलेल्यांची सगळ्यात मोठी चूक वेळेत होते. तासाचा खांब दोन तासांचा असतो आणि तो 1, 3, 5, 7 अशा विषम तासांना बदलतो. आपली प्रमाणवेळ 82.5 रेखांशाची, मुंबई 73 च्या जवळ, त्यामुळे मुंबईचा सूर्य घड्याळाच्या साधारण 38 मिनिटं मागे असतो. नागपूरचा फक्त 14. मुंबईत सकाळी 7:20 ला जन्मलेल्याची सूर्यवेळ 6:42 च्या सुमारास, म्हणजे ड्रॅगनचा तास नाही, सशाचा. त्यातही वेळ हाँगकाँगच्या घड्याळात बदलून सांगू नका. अडीच तास पुढे सरकवलं की खांब नक्की चुकतो. रात्री 11 ते 12 मधला जन्म असेल तर दिवस 11 ला बदलतो की मध्यरात्री, यावर परंपरांत दोन मतं आहेत. ज्योतिषी कोणतं धरतो हे आधीच विचारावं, कारण दिवस बदलला की ‘स्वतः’चं अक्षरच बदलतं.

जाताना कागदावर दोघांच्या जन्मतारखा इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे, जन्माची वेळ भारतीय प्रमाणवेळेत आणि गाव लिहून न्या. इंग्रजी बोलणारे ज्योतिषी आहेत, पण सगळे नाहीत. बसण्याआधी भाषा आणि दर दोन्ही विचारा. दर एका पत्रिकेचा की जोडीचा, तेही. आठही अक्षरं कागदावर लिहून मागा, म्हणजे नंतर दुसऱ्याकडून तपासता येतात. कागद द्यायला जो टाळाटाळ करतो त्याला पैसे देऊ नयेत.

वेळ असेल तर मंदिरातही फिरा. पितळी मंडप धातूचा, ग्रंथागार लाकडाचं, कारंजं पाण्याचं, दीपंकर बुद्धाचं देवघर अग्नीचं आणि भिंत मातीची, अशी पाच तत्त्वं तिथे बांधूनच ठेवली आहेत. ज्योतिषाने सांगितलेली तत्त्वं तिथे डोळ्यांनी पाहता येतात. लग्न जुळवणाऱ्या युए-लाओ या देवाची मूर्तीही आवारातच आहे. लोक तिथे लाल धागा बांधतात.

जुळणीसाठी 5 पैकी 4. एक गुण कापला तो यासाठी की गाळागणिक दर्जा फार बदलतो, आणि नवख्याला बाहेरून तो कळत नाही.