पवनचक्की छपरावर की स्वतंत्र मनोऱ्यावर?

छपरावर पवनचक्की बसवणं स्वस्त आणि सोपं, म्हणून शाळांना तोच मोह पडतो. पण छताच्या कडेशी वारा भोवरे घेतो. चक्की सारखी तोंड फिरवत राहते, वीज जेमतेम आणि भिंतींना थरथर मात्र भरपूर. (छताखालच्या वर्गात शिकवणाऱ्याला विचारा!)

मनोऱ्याला पाया, ताणाच्या तारा, मोकळी जागा लागते, खर्चही जास्त. तरी माझं मत त्यालाच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती ८ पट होते, त्यामुळे उंचीवर मिळणारा थोडासा जादा वेगही मोलाचा. रूढ ठोकताळा असा, की १५० मीटर अंतरातल्या झाडा-इमारतींपेक्षा पाती किमान १० मीटर वर हवीत. शेतावर हे जमतं. दुरुस्तीसाठी आडवा पाडता येणारा मनोरा मिळाला तर उत्तमच.