कडीच्या बटणांची कार्ड-क्लिप: एक लग्नसराई आणि एक पावसाळा काढल्यावर

निकाल आधीच सांगून टाकते. शेरवानी, जोधपुरी, जॅकेट अशा ठिकाणी लागणारी, मागे कडी असलेली बटणं काउंटरवर नमुना म्हणून लावायची असतील तर ही क्लिप जरूर घ्या. शर्टाच्या चार भोकांच्या बटणांना ती लागतच नाही. आणि दुकान कोल्हापुरात असेल तर मुलाम्याची स्वस्त क्लिप बघूसुद्धा नका. का ते पुढे येईलच.

आमचं मॅचिंग सेंटर महाद्वार रोडच्या एका बोळात आहे. अस्तर, फॉल, लेस, दोरे आणि एका बाजूला बटणांचा काउंटर. क्लिप म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा लहान, वाकवलेली तार. एक पाय सरळ, दुसरा नागमोडी. पुठ्ठ्याच्या भोकातून बटणाची कडी मागे काढायची, सरळ पाय कडीतून सरकवायचा. नागमोडी पाय कडीवर बाहेरून चढून बसतो आणि बटण पुढून पुठ्ठ्याला चिकटून राहतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला पिन निसटू नये म्हणून जी क्लिप लावतात तिचंच हे पिल्लू. करवीर-कागलकडचं गिऱ्हाईक बघताक्षणी म्हणतं, "ही आमच्या ट्रॉलीचीच की ओ!"

आधी आम्ही सगळी बटणं दोऱ्यानं टाकून ठेवायचो. दोरा स्वस्त, भक्कम, त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नव्हती. पण नमुन्याच्या कार्डाचं काम टिकून राहणं एवढंच नसतं. लग्नाच्या कापडाला बटण जुळवायचं म्हणजे सोनेरी, फिकट सोनेरी, अँटिक सोनेरी आणि तांबूस सोनेरी यांतलं नेमकं कोणतं हे ठरवायचं. कार्ड कापडावर धरलं की शेजारची अकरा बटणं एकदम चमकतात आणि हवं ते त्यांत हरवून जातं. मग गिऱ्हाईक म्हणणार, "वहिनी, हे एकच काढून दाखवा की." दोरा कापा, दाखवा, नको म्हटलं की परत सुई ओवा. लग्नसराईत एवढी फुरसत कुणाला आहे? मग आपण टाळाटाळ करतो, गिऱ्हाईक अंदाजानं घेऊन जातं आणि दुसऱ्या दिवशी टेलर मास्तर बटणं परत पाठवतात.

आता बटण काढायला एक चिमूट पुरते. गिऱ्हाईक ते कापडावर ठेवतं, दाराशी जाऊन उजेडात बघतं. ट्यूबलाइटखाली अँटिक सोनेरी आणि पितळी रंग सारखेच वाटतात, उन्हात एकदम वेगळे. फरक मला ठळक दिसला तो तिथं. तुळशीच्या लग्नानंतर गर्दी सुरू झाली आणि बटण बदलून नेणारे कमी झाले. आमचे एक जुने मास्तर आहेत, कशालाही चांगलं म्हणायची त्यांना सवय नाही. तेसुद्धा आता कार्ड स्वतःकडं ओढतात, बटण काढतात, काजावर ठेवून बघतात आणि न सांगता परत लावून ठेवतात. दोऱ्याच्या कार्डाला ते हात लावत नव्हते.

खरी मेहनत आहे ती कार्डाची. क्लिपबरोबर कार्ड येत नाही आणि साध्या पातळ पुठ्ठ्यावर ही क्लिप लावली तर पुठ्ठा वाकतो, भोक फाटतं, बटण खाली मान घालून लोंबतं. बुकबाइंडिंगवाल्याकडचा जाड पुठ्ठा घ्यावा लागतो. पण फार जाड घेऊनही चालत नाही, कारण कडी पुठ्ठ्यापलीकडं क्लिप शिरेल इतकी बाहेर यायला हवी. तारेच्या बारीक कडीचं बटण असेल तर दोन मिलिमीटरच्या आत राहा. भोकं मी पापाच्या तिकटीजवळच्या एका चप्पलवाल्याकडून पाडून घेतली. त्यांचा चामड्याचा पंच पुठ्ठ्यात असं स्वच्छ गोल भोक पाडतो की कडेला एक तूस राहत नाही. वर त्यांनी प्रत्येक भोकाला आयलेटही, म्हणजे कड धरून ठेवणारं धातूचं कडं, मारून दिलं. आयलेट मारा, हा सल्ला फुकट घ्या. रोज बटण काढघाल होत असेल तर आयलेटशिवायचं भोक दिवाळीपासून होळीपर्यंतही टिकत नाही.

कार्डाचा आकार ठरवताना एक उपयोगी गोष्ट सापडली. अमेरिकेत बटणं जमवणाऱ्यांची राष्ट्रीय संस्था 1938 पासून आहे आणि त्या मंडळींची मांडणीची कार्डं 9 बाय 12 इंचांची असतात. हा आकार हातात धरायला सोपा, काउंटरवर आडवा मावतो, म्हणून मीही तोच घेतला. 32 लाइनची, म्हणजे साधारण 20 मिलिमीटरची कोटाची बटणं त्यावर बोट घालायला जागा सोडून तीन बाय चार अशी ऐसपैस बसतात. (40 लाइनचा एक इंच, हे हिशेब नव्यानं दुकान टाकणाऱ्यांनी पाठ करून ठेवावेत. 24 लाइनचं बटण म्हणजे 15 मिलिमीटरच्या किंचित वर.)

सगळ्याच कडीच्या बटणांना ती सारखी बसत नाही. धातूच्या बटणाला मागे तारेची गोल कडी असते, तिथं एकदम चपखल. प्लास्टिकवर मुलामा दिलेल्या बटणाला जाड मान आणि तिलाच आडवं भोक असतं. त्यासाठी कार्डाचं भोक मोठं करावं लागतं आणि मग बटण हलतं, गोल फिरतं. त्यावर कमळ किंवा मोर असेल तर दर वेळी तो तिरका झालेला दिसतो आणि माझी बोटं शिवशिवतात. 40 लाइनच्या जड बटणांचं कार्ड उभं टांगू नये, आडवंच ठेवावं. कापडाच्या पोटली बटणाला कडीच नसते, त्यामुळे ती अजूनही दोऱ्यावर. शर्टाच्या 18 लाइनच्या बटणांना किमतीची चिठ्ठी लावायची टॅग गन बरी: प्लास्टिकचा धागा बटणाच्या भोकातून थेट कार्डात जातो. काढायचं तर कापावं लागतं, पण शर्टाचं बटण दारात नेऊन कोण बघतंय?

आता पावसाळा. जूनमध्ये एकदा सुरू झाला की आमच्या बोळातली भिंत सप्टेंबरपर्यंत वाळत नाही. पहिलं पाकीट पिवळ्या मुलाम्याच्या लोखंडी तारेचं होतं. आषाढ संपता संपता क्लिपच्या वाकणावर तांबडे ठिपके आले. वाकवताना तिथला मुलामा तडकतो आणि गंज तिथूनच आत शिरतो. कार्डाच्या मागे प्रत्येक भोकाखाली तपकिरी डाग पडले. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक, पण काही बटणांच्या कडीलाही तो गंज लागला, आणि पांढऱ्या रेशमी शेरवानीवर तसलं बटण कोण लावणार? विकणाऱ्याला फोटो पाठवले. "तुमच्याकडं पाऊस जास्त आहे," एवढंच उत्तर आलं. पाऊस जास्त आहे हे आम्हाला माहीत होतं हो, क्लिपला माहीत नव्हतं.

दुसरं पाकीट स्टेनलेस स्टीलचं मागवलं. महाग पडलं, एका क्लिपला दोन रुपयांच्या वर. पण श्रावण-भाद्रपद काढूनही तिच्यावर एक डाग नाही. फक्त ही तार कडक आहे, नख लावून काढताना सुरुवातीला दुखतं. मधल्या काळात मी त्याच अमेरिकन हौशी मंडळींची युक्ती वापरली: प्लास्टिकचं आवरण असलेल्या टेलिफोनच्या तारेचा तुकडा कडीतून घालून मागे पीळ द्यायचा. गंजायचा प्रश्न येत नाही आणि खर्च जवळजवळ शून्य. महिन्यातून एखाद्या वेळी मागितल्या जाणाऱ्या बटणांना आजही मी तेच करते. रोज हाताळल्या जाणाऱ्या कार्डाला मात्र पीळ सोडत बसणं परवडत नाही.

एक तोटा विकणारे सांगत नाहीत. जे बटण सहज निघतं ते सहज जातंही. गर्दीत कार्डावरून बटण नाहीसं होतं, बरोबर क्लिपही जाते. चोरीच असते असं नाही. कापडावर ठेवलेलं बटण कापडासकट पिशवीत जातं आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून प्रत्येक भोकाच्या खाली मी बटणाचा नंबर आणि भाव पेनानं लिहून ठेवलाय. रिकामं भोक दिसलं की गिऱ्हाईक दारातून बाहेर पडायच्या आत विचारता येतं. बंद पाकिटातली सहा-सहा बटणांची कार्डं विकणाऱ्याला या क्लिपचा काहीच फायदा नाही, त्यांनी दोराच ठेवावा.

पुढच्या वेळी स्टेनलेसच मागवणार, पण लहान मापाची मिळाली तर. ब्लाउजच्या पाठीला लावायच्या 16-18 लाइनच्या मण्यांसारख्या बटणांची कडी इतकी बारीक असते की आताच्या क्लिपचा पाय तिच्यात शिरतच नाही, आणि सणासुदीला सगळ्यात जास्त मागणी नेमकी त्यांनाच असते.